नांवाचें स्वामित्व

संकेतस्थळावर सदस्यनाम घेतांना त्याचे नियम वाचण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. परंतु त्या रुक्ष कलमांच्या आड एक जुना प्रश्न दडलेला आहे: नांव कोणाचें? जो तें प्रथम अडवितो त्याचें, कीं जो त्यास अर्थ आणून देतो त्याचें?

इंग्रजी विकिपीडियाचे नियम या दृष्टीनें विचारार्ह वाटतात. तेथें खरें नांव सांगण्याची सक्ती नाहीं. मात्र कंपनीचें नांव धारण करून लिहितां येत नाहीं, आणि एका नांवाआड अनेकांनीं वावरावयाचें नाहीं. ज्यानें नांव घेऊन एकही ओळ लिहिली नाहीं, त्याचें नांव मागणाऱ्या लिहित्या माणसास मिळूं शकतें. उलट, लिहिणाऱ्यानें नांव बदललें तरी जुन्या लेखनाचें श्रेय नव्या नांवामागें चालत येतें. स्वामित्व येथें श्रमानें सिद्ध होतें, आणि हें आम्हांस न्याय्य वाटतें.

मग एका माणसानें दोन नांवें घेणें अप्रामाणिक काय? राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहीत, विनोद ‘बाळकराम’ म्हणून. त्यांत कोणाची फसवणूक झाली असें कोणी म्हणणार नाहीं. गोविंदाग्रजांच्या काव्याची वाखाणणी बाळकरामांनीं तटस्थ टीकाकाराचा आव आणून केली असती, तर गोष्ट निराळी. विकिपीडियाही दुसऱ्या खात्यास सरसकट मज्जाव करीत नाहीं; स्वतःच्याच मतास दुसऱ्या नांवानें दुजोरा देणें तेवढें वर्ज्य मानतो.

जुलै 2023 मध्यें ट्विटरनें ‘एक्स’ हें नांव धारण केलें, तेव्हां त्या एकाक्षरी नांवाचें खातें 2007 पासून एका गृहस्थाकडे होतें. कंपनीनें तें मोबदल्याची रक्कम न देतां काढून घेतलें. करारान्वये तसा अधिकार तिला असेल. घरमालकास भाडेकरूच्या दारावरची पाटी उतरवितां येतेच! पण सोळा वर्षें ज्या नांवानें लोकांनीं एखाद्यास ओळखलें, त्यांत त्या लोकांच्या ओळखीचाही अंश असतो. तो कंपनीनें कधीं दिलेला नव्हता. मग ती तो परत कसा घेणार?

या बाबतींत गूगलची रीत आम्हांस अधिक सभ्य वाटते. दोन वर्षें न वापरलेलें खातें तेथें मिटविलें जाऊं शकतें. परंतु मिटलेला जीमेलचा पत्ता पुन्हां दुसऱ्या कोणास मिळत नाहीं. मृताच्या नांवें एखाद्या जुन्या स्नेह्यानें पत्र धाडलें, तर तें न पोंचतां परत येईल. परक्याच्या हातीं पडणार नाहीं.