कोलीत, वर्तुळ आणि सोळा मिलिसेकंद

अंधारात जळते कोलीत गरागरा फिरवले की डोळ्यांना अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. वर्तुळ कुठेच नसते. असते ते एका वेळी एकाच जागी असलेले निखाऱ्याचे टोक. भारतीय दर्शनांत हे अलातचक्र फार जुने आहे. न्यायसूत्रांनी ते वापरले ते मन एका वेळी एकच ज्ञान घेते हे पटवण्यासाठी: ज्ञाने एकामागून एक येतात, पण इतक्या झपाट्याने की ती एकदमच झाल्यासारखी वाटतात. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतले चौथे प्रकरण तर याच कोलिताच्या नावाने ओळखले जाते. तिथे निष्कर्ष निघतो तो असा की दिसणारे आकार कोलितातून बाहेर पडलेले नसतात आणि थांबल्यावर त्यात परतही शिरत नाहीत, आणि जगाच्या भासाचेही तसेच आहे. एकच दृष्टांत, आणि त्यातून निघालेल्या वाटा किती वेगळ्या! आज हे कोलीत सर्वांत जास्त फिरते ते संगणकावरच्या खेळांत. तिथे ते किती वेगाने फिरवायचे आणि निखारा किती तेजस्वी ठेवायचा हे ठरवण्याचे काम थेट पाहणाऱ्याच्या हाती दिलेले असते. ग्राफिक्सच्या सेटिंगचे पान उघडणारा माणूस, त्याला जाणवो वा न जाणवो, एका जुन्या प्रश्नाचे उत्तर देत असतो: नीट दिसणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न खरा आहे, कारण वेग आणि तपशील या दोन्ही गोष्टी वेळेच्या एकाच पिशवीतून खर्च होतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर ग्राफिक्स कार्डाला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात; ३० चित्रांवर भागवले तर ३३.३, १४४ हर्ट्झच्या पडद्याला पुरे पडायचे असेल तर सातपेक्षाही कमी. तेवढ्या अवधीत जगाची मांडणी, प्रत्येक वस्तूचा रंग, सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबे, धुक्यातून झिरपणारा प्रकाश, सगळे उरकायचे असते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट, ८२,९४,४००. सेकंदाला ६० या हिशेबाने फोर-केवर जवळजवळ पन्नास कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवावे लागतात. म्हणजे सावली अधिक रेखीव केली की तिची किंमत गतीने भरायची, आणि गती वाढवली की कुठल्यातरी तपशिलाने.

यावर सहज सुचणारे मत असे की खरे चित्र म्हणजे तपशीलवार चित्र. वेग ही सोय आहे, स्पष्टता हे सत्य आहे. सगळी सेटिंग ‘अल्ट्रा’वर नेली की खेळ ‘जसा आहे तसा’ दिसतो, आणि खाली आणली की आपण नाइलाजाने अर्धसत्य पाहतो. हे मत चुकीचे आहे असे मला वाटते, आणि ते का चुकते ते समजून घ्यायला धर्मकीर्तीची मदत होते. साधारण सातव्या शतकातला हा बौद्ध तर्कपंडित. ज्ञान प्रमाण कधी मानावे, तर ते आपल्याला दगा देत नाही तेव्हा. आणि दगा दिला की नाही हे ठरते ते अर्थक्रियेवरून, म्हणजे त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळाला जाते की नाही यावरून. त्याचा एक दृष्टांत विलक्षण आहे. दोन माणसे दुरून चकाकी पाहतात आणि दोघेही रत्न समजून तिच्याकडे धावतात. एकाने पाहिलेली चकाकी रत्नाच्या प्रभेची असते, दुसऱ्याने पाहिलेली दिव्याच्या. प्रभेलाच रत्न समजण्याची चूक दोघांचीही आहे. पण पहिल्याच्या हाती रत्न लागते, दुसऱ्याच्या नाही. भ्रम दोन्हीकडे आहे, फरक आहे तो भ्रम कुठे नेऊन सोडतो यात.

खेळातले प्रत्येक चित्र हे असेच प्रभेचे दर्शन असते. पडद्यावर भिंत नाही, दरी नाही, समोरून धावत येणारा कुणी नाही. म्हणून चित्राचा खरेपणा त्याच्या रेखीवपणात शोधून उपयोग नाही. तो शोधायचा खेळणाऱ्याच्या हातात. दरीचा काठ दिसला, त्या दिसण्यावर विसंबून उडी मारली आणि पाय पलीकडे टेकले, तर ते चित्र अविसंवादी, म्हणजे दगा न देणारे होते, मग काठावरच्या गवताची पाती मोजकीच का असेनात. उलट गवताचे पान न् पान दिसते आहे, पण चित्र हातापर्यंत उशिरा पोचले आणि उडी मारण्याआधीच काठ ओलांडला गेला, तर ते सुंदर चित्र दिव्याची प्रभा ठरले. माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या पाहण्याला कृती जोडलेली आहे तिथे वेळ ही स्पष्टतेच्या बाहेरची गोष्ट नाही. उशिरा आलेली स्पष्टता ही अस्पष्टताच आहे.

याचा पुरावा खेळ तपासणाऱ्यांच्या कामातच मिळतो. अनेक वर्षे कार्डांची तुलना सेकंदाला सरासरी किती चित्रे निघतात यावर होत असे. २०११ मध्ये स्कॉट वासन या समीक्षकाने सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला, आणि सरासरीचा फोलपणा उघडा पडला. समजा एका सेकंदात ५७ चित्रे प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आली आणि एकाला १४५ लागले. सरासरी सेकंदाला ५८, कागदावर उत्तम. पण तो एक गचका डोळ्यांना खुपतो, हाताला फसवतो, आणि नेमका गर्दीच्या, धावपळीच्या क्षणी येतो, कारण कार्डावर ओझेही तेव्हाच पडते. म्हणून जाणकार आज सर्वांत संथ एक टक्का चित्रांकडे पाहतात. शक्य ६० असूनही स्थिर ४५ वर मर्यादा घालणे अनेकांना सुखावह वाटते ते याचमुळे. क्षणभंगवादी बौद्धांनी ज्याला संतान म्हटले, म्हणजे एकासारखा एक क्षण मागोमाग उपजत जाण्याचा प्रवाह, तो क्षणांच्या संख्येवर उभा राहत नाही. एक क्षण पुढच्याला विनाखंड वाट करून देतो यावर उभा राहतो.

इथे नैयायिक उठून उभा राहील, आणि त्याचे ऐकायलाच हवे. तो विचारेल: नुसता प्रवाह घेऊन काय करायचे, ओळख कुठे आहे? ‘हा तोच मघाचा माणूस’ ही प्रत्यभिज्ञा नसेल तर जग उरत नाही, फक्त सरकणारे रंग उरतात. उदयनाचार्यांसारख्यांनी बौद्धांना याच मुद्द्यावर घेरले होते. खेळातही हे तंतोतंत लागू पडते. रेझोल्यूशन इतके उतरवले की दूरच्या झुडपाआडचा शत्रू आणि झुडूप यांत फरकच कळेना, तर सेकंदाला २०० चित्रे काढूनही हाताला काही गवसत नाही. म्हणून ‘सगळे लो’ हे उत्तरही तितकेच आंधळे आहे. काय सोडायचे ते ओळख कशावर टिकते यावरून ठरवावे लागते. पृष्ठभागांचे पोत, म्हणजे टेक्श्चर, कार्डाच्या स्मृतीत मावत असतील तोवर वेळ फारसा खात नाहीत, मग ते उगाच का उतरवायचे? तिरक्या कोनातून दिसणारी जमीन आणि रस्ते स्वच्छ ठेवणारे अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग आजच्या कार्डांना जवळजवळ फुकटात पडते. याउलट सावल्यांची कमाल सुबकता, किरणांचा माग काढून आखलेली प्रतिबिंबे आणि दाट धुक्यातला प्रकाश यांना भरपूर वेळ लागतो आणि वस्तूची ओळख पटवण्यात त्यांचा वाटा थोडा असतो. पात्राची सावली पायाशी पडते आहे एवढे कळले की ते जमिनीवर आहे हे कळते. त्या सावलीची कड किती मऊ आहे हे धावताना कुणी पाहत नाही. आणि ही काटछाट परकी नाही. आपल्या डोळ्याला अत्यंत स्पष्ट दिसणारा भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाहून फार मोठा नसतो. बाकी सगळे धूसर असते आणि बुबुळ सतत उड्या मारून त्यातून जग जुळवते. डोळ्यानेही आपले सेटिंग असेच लावलेले आहे.

जाता जाता काळाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पडदा ठरावीक ठोक्यांनी ताजा होतो आणि कार्ड आपल्या चालीने चित्रे काढते. दोघांचा मेळ चुकला की वरचा अर्धा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा, असे फाटलेले चित्र दिसते. व्ही-सिंक लावले तर कार्ड ठोक्यासाठी थांबते. चित्र फाटत नाही, पण उशीर होतो. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक आणले आणि २०१५ पासून एएमडीच्या फ्रीसिंकचे पडदे बाजारात आले, तेव्हा नाते उलटे झाले: चित्र तयार झाले की पडदा ताजा होतो. वैशेषिक दर्शनाच्या लेखी काल हे स्वतंत्र द्रव्य आहे, घटना त्यात घडतात. बौद्धांच्या लेखी घटनांपासून वेगळा काल नाहीच. दोन पडद्यांची रचना या दोन भूमिकांशी अगदी नकळत जुळते, आणि हाताला दुसरी अधिक मानवते. यावरून कालाविषयीचा वाद सुटत नाही हे मान्य. पण पाहणाऱ्याचा क्षण घड्याळाने नव्हे, घटनेने मोजला जातो असे म्हणायला यातून आधार मिळतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप. सगळेच जर अलातचक्र, तर मधली काही चित्रे यंत्राने कल्पनेने भरली तर काय बिघडले? २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ ने हे सुरू केले: कार्ड दोन चित्रे खरोखर काढते आणि मधले चित्र अंदाजाने रचून घालते. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत रचलेली चित्रे घालता येतात. सायबरपंक २०७७ या खेळात प्रकाशाचे संपूर्ण किरणगणित करणारी जी रीत २०२३ मध्ये आली, ती बलाढ्य कार्डांवरही गुळगुळीत चालवायला अनेकांना याच उपायाचा आधार घ्यावा लागतो. आक्षेप घेणारा म्हणेल, मेंदूही मधल्या जागा भरतोच. मग मेंदूने भरलेली जागा आणि कार्डाने भरलेली जागा यांत भेद कसला?

भेद पुन्हा रत्नाचा आणि दिव्याचा आहे. खरे काढलेले चित्र खेळातल्या जगाच्या एका स्थितीला उत्तर देते: तुम्ही कळ दाबली, जग बदलले, चित्र बदलले. मधल्या रचलेल्या चित्रामागे अशी स्थितीच नाही. तुमच्या कळीची त्याला खबर नसते. शिवाय दोन खऱ्यांच्या मधले काढायचे तर पुढचे खरे चित्र तयार असूनही थोडे अडवून धरावे लागते, म्हणून हाताला लागणारा उशीर वाढतो; तो कमी करण्यासाठी वेगळी योजना सोबत द्यावी लागते ती याचसाठी. आकडा १२० दाखवतो, पण हाताला जग ६० च्याच लयीत भेटते, किंचित उशिरानेच. मुळात लय पुरेशी वेगवान असेल तर ही उणीव जाणवत नाही, आणि संथ, भटकंतीच्या खेळात ही रचलेली चित्रे डोळ्याला खरेच आराम देतात; तेव्हा त्यांना सरसकट खोटे म्हणण्यात अर्थ नाही. पण मुळात सेकंदाला २५ च चित्रे निघत असतील आणि त्यांवर हा मुलामा चढवला, तर डोळ्याला वर्तुळ दिसते आणि हाताला निखारा सापडत नाही. मेंदू जेव्हा जागा भरतो तेव्हा तो पाहणाऱ्याच्याच कृतीसाठी भरतो. अपस्केलिंगचे मात्र वेगळे: तिथे १४४० च्या मापात काढलेले चित्र फोर-केपर्यंत वाढवले जाते, तपशील अंदाजाचा असतो, पण क्षण खरा असतो. म्हणून सेटिंगच्या पानावर शेजारी शेजारी बसलेल्या या दोन सोयी मला एका जातीच्या वाटत नाहीत.

कुणी म्हणेल, हा सारा हिशेब दुबळ्या यंत्राचा आहे, मोठे कार्ड आणा, प्रश्न मिटला. इतिहास तसे सांगत नाही. २००७ मध्ये आलेला क्रायसिस हा खेळ त्या वेळच्या उत्तम संगणकांनाही पूर्ण सेटिंगवर झेपला नाही. आज तो सहज चालतो, पण आज त्याच्या जागी किरणगणित आहे. यंत्राची ताकद वाढली की ती खाणारी स्पष्टताही वाढते. सीमा सरकते, नाहीशी होत नाही, आणि सीमेपाशी निवड करणारा माणूस तिथेच उभा असतो.

उरतो तो निव्वळ पाहण्याचा हक्क. डोंगरामागे मावळणारा सूर्य नुसता पाहावा, काहीच करू नये, असे खेळातही वाटते, आणि ते वाटणे क्षुल्लक नाही. तिथे धर्मकीर्तीची कसोटी अपुरी पडते हे मान्य करावे लागते, कारण तिथे फळाला जायला कृतीच नसते. बहुतेक मोठ्या खेळांत आता फोटो मोड असतो. तो चालू केला की जग थांबते, हात मोकळा होतो. तिथे सावली हवी तितकी मऊ करावी, प्रतिबिंब हवे तितके खोल उतरू द्यावे, एका चित्राला पूर्ण सेकंद लागला तरी लागू द्यावा. त्याची वाट पाहणारी कुठलीही उडी नाही. मग खेळाडू कळ दाबून जग पुन्हा सुरू करतो, आणि समोरच्या दरीचा काठ सोळा मिलिसेकंदांच्या आत दिसावा लागतो.