शर्यत संपल्यावरचे गाव

भिलाईच्या मरोदा सेक्टरातल्या मुलाला फिरायला जग काही कमी नाही. भिलाई पोलाद कारखान्याला पाणी पुरवणारा मरोदा जलाशय जवळ आहे. दुर्ग-दल्ली राजहरा मार्गावरचे छोटेसे स्थानक आहे. राजहऱ्याच्या खाणीतले लोहखनिज भरलेल्या मालगाड्या त्याच मार्गाने कारखान्याकडे जातात. आणि मैत्री बाग तर सेक्टरातच आहे. भारत आणि सोव्हिएत संघाच्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभी राहिलेली ही बाग पांढऱ्या वाघांसाठी छत्तीसगढभर ओळखली जाते. नागपूर-गोंदियाकडून पाहुणे आले की भिलाईतली मराठी कुटुंबे त्यांना इथे आणतात. बागेत शिरल्यावर मुले काय करतात ते पाहण्यासारखे असते. वाघाच्या पिंजऱ्यापाशी मोठी माणसे रेंगाळतात. मुले क्षणभर थांबतात आणि पळत सुटतात. कुठे निघालात, असे विचारले तर त्यांना सांगता येत नाही. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, एवढेच त्यांना पाहायचे असते.

या एका कुतूहलावर व्हिडिओ गेमचा अख्खा एक प्रकार उभा आहे. त्याला ओपन वर्ल्ड म्हणतात. लेव्हल एक, लेव्हल दोन अशा जिन्याऐवजी इथे खेळणाऱ्याला एक सलग प्रदेश दिलेला असतो. गाव, रस्ते, डोंगर, माणसे. कामे सांगितलेली असतात, पण ती आत्ताच करा असा आग्रह नसतो. हा प्रदेश मुलांच्या आवडत्या चित्रपटातून उचललेला असेल आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळण्यासारखा असेल, तर त्याबद्दल खेळणारे काय बोलतात? त्यांच्या बोलण्यात बालसाहित्य, बालचित्रपट आणि मुलांची खेळणी तयार करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे बरेच आहे.

सर्वांत बोलके उदाहरण ‘कार्स’चे. पिक्सारचा जॉन लॅसेटर दिग्दर्शित चित्रपट जून २००६ मध्ये आला आणि त्याच सुमारास त्यावरचा गेमही आला. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या रेनबो स्टुडिओजने तो तयार केला, टीएचक्यू कंपनीने बाजारात आणला. लायटनिंग मॅक्क्वीन या लाल रेसिंग कारला घेऊन खेळणारा रेडिएटर स्प्रिंग्स या वाळवंटी गावात आणि आसपासच्या घाटांत हिंडतो. शर्यती आहेतच. पण रात्रीच्या अंधारात मेटर या गंजक्या टो-ट्रकबरोबर झोपलेल्या ट्रॅक्टरांना दचकवून पाडणेही आहे, आणि नुसते भटकणेही आहे. चित्रपटातल्या मुख्य नटांचेच आवाज गेममध्ये आहेत. २००८ मध्ये निवर्तलेल्या पॉल न्यूमनचा डॉक हडसनही त्यात बोलतो.

तेव्हा सात-आठ वर्षांचे असलेले खेळाडू आज पंचविशी ओलांडलेले आहेत. तो गेम पुन्हा सुरू करणाऱ्यांच्या बोलण्यात तक्रारी येतात. शर्यती पुढे पुढे त्याच त्या वाटतात, मोठ्या माणसाला सारे फार सोपे पडते, चित्रे आता जुनाट दिसतात. हे सगळे खरे आहे. मात्र त्याच बोलण्यात जिव्हाळा येतो तो कुठे? पिस्टन कप ही गेममधली मुख्य स्पर्धा जिंकल्याचे वर्णन क्वचितच येते. आठवण निघते ती शर्यत संपवून गावात परतण्याची, काहीच काम न घेता रस्त्यावरून गाडी नेण्याची, आणि बाबा किंवा मोठा भाऊ शेजारी बसून ‘आता तिकडे वळव’ म्हणत असल्याची.

ही केवळ बालपणाची माया आहे, असे म्हणून ती बाजूला सारणे सोपे आहे. ते बरोबर होणार नाही. त्या वर्षांत खेळलेले इतर कितीतरी गेम हे खेळाडू विसरले आहेत. हाच का राहिला, याचे कारण चित्रपटात सापडते. ‘कार्स’ची गोष्टच अशी, की नवा महामार्ग झाल्याने जुन्या रूट ६६ वरचे एक गाव ओस पडते आणि जिंकण्याच्या घाईत असलेल्या नायकाला त्या गावात थांबावे लागते. थांबल्यावर त्याला गाव दिसू लागते. गेम तयार करणाऱ्यांनी चित्रपटातला हाच गाभा घेतला. शर्यतीच्या गेममध्ये शर्यत सोडून देण्याची मुभा ठेवली आणि सोडल्यावर पाहायला एक गाव दिले. चित्रपटाचे शब्द आणि प्रसंग उतरवून घेण्यापेक्षा ही निष्ठा मोठी आहे.

ज्यांना ही निष्ठा जमली नाही, त्यांचा इतिहास लांबलचक आहे. १९८२ च्या नाताळाआधी दुकानांत पोहोचायला हवा म्हणून अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून घेतला. एका परग्रहवासी जिवाच्या आणि एका मुलाच्या मैत्रीची ती गोष्ट. गेममध्ये मात्र तो जीव सारखा खड्ड्यांत पडत राहतो. न खपलेल्या मालातला काही भाग कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तो उकरला तेव्हा त्यात ‘ई.टी.’ची कार्ट्रिजेस निघाली. चित्रपटावरचा गेम म्हणजे पोस्टर लावून विकलेला कच्चा माल, ही समजूत तिथून पक्की झाली आणि पुढची कित्येक वर्षे बहुतेक वेळा खरीही ठरली. ती मोडणाऱ्यांत २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ होता. ट्रेयार्कच्या त्या गेममधल्या मारामाऱ्या फारशा कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. मॅनहॅटनच्या इमारतींमधून जाळ्याने झोके घेत जाणे आणि लहान मुलाचा उडालेला फुगा पकडून देणे, हे मात्र लोक वीस वर्षांनीही सांगतात.

भारतात त्या काळात काय चालले होते? भिलाईसारख्या गावांतल्या पोरांना हा अनुभव मिळाला तो सायबर कॅफेत, तासाच्या हिशेबाने, आणि तोही मुलांसाठी मुळीच नसलेल्या गेममधून. ‘जीटीए: व्हाइस सिटी’ २००२ मध्ये आला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर आला. तो सतरा वर्षांवरील लोकांसाठी आहे, हे मूळ खोक्यावर छापलेले होते. कॉपी केलेल्या सीडीवर काय छापलेले असणार? त्या पिढीचे खेळाडू आज तिशी-पस्तिशीत आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी कथानकाची चार मिशनेही पुरी केली नव्हती. ते मोटारसायकल घेऊन समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने फिरत, रेडिओवरची गाणी ऐकत, सिग्नल पाळून दाखवण्याची पैज लावत. पाठ असलेल्या चीट कोडमध्ये रणगाडा आणणारा कोड होता, तसाच ‘लीव्ह मी अलोन’ हाही होता. तो टाइप केला की मागे लागलेले पोलीस निघून जात. एका हिंसक गेममध्ये मुले पोलिसांना पाठवून देत आणि शांतपणे गाडी चालवत. त्यांना हवे होते ते गाव. गोळीबार त्या गावाबरोबर गळ्यात पडला होता.

आपल्याकडच्या निर्मात्यांच्या हे लक्षात यायला हवे होते. ‘गजनी’वर हैदराबादच्या एफएक्स लॅब्जने कॉम्प्युटर गेम केला; ‘रा.वन’वर २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने प्लेस्टेशनसाठी गेम केला. दोन्ही प्रयत्नांत कष्ट होते, आणि कन्सोलसाठी भारतात काम करणे तेव्हा साधे नव्हते. पण दोन्हींनी चित्रपटातून घेतली ती मारामारी आणि नायकाचा चेहरा. तो चेहरा पडद्यावर फुकट दिसतच होता. नायकाच्या रस्त्याने स्वतः चालून पाहणे फक्त गेममध्ये शक्य होते, आणि तेच दिले गेले नाही.

आज सायबर कॅफे गेले, मोबाईल आले. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हा मोबाईल गेम कोट्यवधी वेळा उतरवून घेतला गेला आहे. त्याचे रूप ओबडधोबड आहे, आणि त्यातही शस्त्रे आहेत. तरी मुले त्यात रमतात, कारण रस्त्यावर आपल्याकडच्यासारख्या मोटारसायकली आहेत आणि कुठेही जाता येते. ओळखीची गाडी, मोकळा रस्ता. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर ही लोकप्रियता उभी असेल, तर भूक किती मोठी आहे याचा अंदाज पालकांनी आणि निर्मात्यांनी घ्यावा.

‘कौटुंबिक’ या शब्दाचा अर्थ इथे तपासायला हवा. रक्त, शिवी आणि बंदूक वगळली की गेम कौटुंबिक झाला, असे समजले जाते. खेळाडूंची मते तसे सांगत नाहीत. २०२३ च्या अखेरीस आलेला ‘ब्लुई’चा गेम पाहावा. ऑस्ट्रेलियातल्या त्या लाडक्या टीव्ही मालिकेतले घर, अंगण, किनारा, सारे त्यात होते, आणि आक्षेप घ्यावा असे काहीही नव्हते. तरी पालक हिरमुसले, कारण गोष्ट एका संध्याकाळीत संपते आणि किंमत भरपूर. निरुपद्रवी असणे पुरेसे ठरले नाही. गेम कौटुंबिक होतो तो त्यात घरातल्या दुसऱ्या माणसाला जागा असली तर. आजोबांना बटणे दाबता येत नसली तरी ‘अरे, त्या बोळात बघ’ म्हणता यावे, आणि त्या बोळात खरोखर काही सापडावे.

एक आक्षेप मात्र ठामपणे मांडला जातो आणि तो टाळता येत नाही. मैत्री बाग दाराशी असताना मुलाने पडद्यावरच्या गावात का फिरावे? आधीच्या पिढीने भिलाईचे सेक्टर सायकलवरून पालथे घातले. आजच्या मुलाची सायकल शिकवणीच्या वेळापत्रकात आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या भीतीत अडकली आहे. मुलाला खरी बाग, खरा तलाव, खरा रस्ता मिळायलाच हवा, आणि त्याची भरपाई कोणताही गेम करू शकत नाही. पण मोबाईल त्याच्या हाती आलेलाच आहे. बाकीचा वेळ त्या पडद्यावर कोणते जग उघडते, हा प्रश्न उरतोच. आणि मरोद्यातल्या मराठी मुलाच्या बाबतीत आणखी एक. आजीशी मराठी, शाळेत हिंदी, मैदानावर छत्तीसगढी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलाला पडद्यावरचे प्रत्येक गाव इंग्रजी बोलणारे मिळते. आजीच्या भाषेतले एकही गाव त्याला तिथे भेटत नाही.

असे गाव मराठी चित्रपटाने केव्हाच तयार करून ठेवले आहे. परेश मोकाशी दिग्दर्शित, मधुगंधा कुलकर्णी लिखित ‘एलिझाबेथ एकादशी’ १४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला आणि उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पंढरपुरात कार्तिकी एकादशीची यात्रा भरलेली आहे. वडिलांनी तयार केलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल आई कर्जापायी विकणार आहे. ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू सायकल वाचवण्यासाठी आईच्या नकळत यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. ओपन वर्ल्डला लागते ते सगळे या गोष्टीत आयते आहे. भरगच्च गाव, एक वाहन, जमवायचे पैसे, एकादशीची मुदत. न्यूटनला संतांच्या पंक्तीत बसवणारा नायक आहे. सायकलचा तोल आणि वेग त्याच्याकडून शिकण्यासारखे आहेत. शत्रू कोणी नाही. गर्दी आहे, आणि गर्दीतून सायकल काढणे हेच कौशल्य.

कल्पना करावी: चंद्रभागेचे वाळवंट, नामदेव पायरी, प्रदक्षिणा मार्ग, मठांतून येणारे टाळमृदंगाचे आवाज, बुक्क्याची आणि तुळशीमाळांची दुकाने. मुलाने बांगड्या विकाव्यात किंवा विकू नयेत. कीर्तनाला बसून राहिला तरी चालावे. इथे आजीही शेजारी बसून वाट सांगू शकेल, कारण तिने ती वाट पायाने तुडवलेली असेल. ‘किल्ला’ चित्रपटातले कोकणातले पावसाळी गाव, ‘नाळ’मधले विदर्भातले नदीकाठचे खेडे, हीदेखील अशीच हिंडण्याजोगी ठिकाणे आहेत. विदर्भातून भिलाईला आलेल्या घरांना तर ‘नाळ’मधले अंगण आपलेच वाटेल.

पैसा आणि कसब यांचे काय? ओपन वर्ल्ड हा महागडा प्रकार आहे आणि मराठी प्रेक्षकवर्गाच्या बळावर तो खर्च निघणे अवघड दिसते, हे मान्य. पण जग न्यू यॉर्कएवढे असावे लागत नाही. रेडिएटर स्प्रिंग्सची मुख्य वस्ती एका रस्त्याची आहे. कसब तर महाराष्ट्रात आहेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभा असलेला गेम जगभर नेला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा गेम तयार केला. पौराणिक युद्ध आणि भविष्यातले युद्ध, दोन्ही पुण्यात झाले. सायकलवर बसलेले एक पोर तेवढे राहिले आहे.

‘एलिझाबेथ एकादशी’चे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणि पुण्यातल्या गेम तयार करणाऱ्यांनी एकदा एकत्र बसावे. त्याआधी, येत्या कार्तिकीला, चार मुलांना घेऊन पंढरपुरात जावे. नकाशा आधी काढू नये. मुलांना यात्रेत सोडावे, मागे मागे चालावे आणि ती कुठे वळतात ते लिहून घ्यावे.