होय ते होय, बायोडेटातही
सामान्य काळातील सहावा रविवार (वर्ष अ)
वाचने : बेनसिरा १५:१५-२०, १ करिंथ २:६-१०, मत्तय ५:१७-३७



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शपथेविषयी बोलतो. शपथ केव्हा लागते? नुसत्या शब्दावर कोणाचा विश्वास उरत नाही तेव्हा. ख्रिस्ती माणसाच्या शब्दाला शपथेचा टेकू लागू नये, त्याचा होकार खरा असावा आणि नकारही खरा असावा, एवढेच प्रभूचे मागणे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना कोर्टात शपथ घेण्याचा प्रसंग येत नाही. पण एका कागदावर आपण सगळेच स्वतःविषयी साक्ष देत असतो. तो कागद म्हणजे बायोडेटा. आता तो मोबाईलवरही असतो. लिंक्डइन किंवा नोकरी डॉट कॉमवरील प्रोफाइल ही आपली साक्षच आहे. तिथे अप्रेंटिसचा 'इंजिनिअर' होतो, कंत्राटी कामगाराचा 'सुपरवायझर' होतो, सहा महिन्यांच्या अनुभवाची दोन वर्षे होतात. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेले असतात, तरी नावापुढे पदवी लागते. लग्नाच्या बायोडेटात तर विचारूच नका!

"फादर, सगळेच असे लिहितात. खरे लिहिले तर मुलाखतीलासुद्धा बोलावत नाहीत." ही तक्रार खोटी नाही. फलटणसारख्या गावातल्या मुलाला पुण्याच्या मुलांशी स्पर्धा करावी लागते. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेले असते, नातेवाईक विचारत असतात. त्याची घालमेल देवाला कळते. पण आजच्या पहिल्या वाचनात बेनसिरा सांगतो की, अग्नी आणि पाणी दोन्ही आपल्यासमोर ठेवलेले आहेत. हात कुठे घालायचा ते आपण ठरवायचे आहे. 'सगळेच करतात' म्हणून अग्नी थंड होत नाही.

या अग्नीची झळ आपल्या राज्याने सोसली आहे. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन अपात्र उमेदवारांना पात्र ठरवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात २०२१ साली उघडकीस आले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. हा आकडा मोठा आहेच, पण त्यामागची माणसे पाहा. ज्याने रात्री जागून अभ्यास केला आणि थोडक्यात मागे राहिला, त्याची जागा कोणी घेतली? आणि वर्गातल्या मुलांचे काय? खोटी पात्रता फक्त कागदावर राहत नाही. न शिकलेल्या माणसाने जोडलेली वायर कोणाला तरी शॉक देते, अर्धवट शिक्षणावर दिलेले इंजेक्शन कोणाच्या तरी दंडात जाते.

योहान बाप्तिस्ताला यरुशलेमहून आलेल्या लोकांनी विचारले, तू कोण आहेस? 'ख्रिस्त' ही पदवी त्या दिवशी त्याला आयती मिळत होती, लोक द्यायला तयार होते. त्याने ती नाकारली. एलिया नाही, तो संदेष्टाही नाही, असे स्पष्ट सांगितले. मी केवळ अरण्यातील वाणी, एवढीच ओळख त्याने दिली. आपण कोण नाही हे ज्याला मोकळेपणाने सांगता येते, त्याच्या शब्दाला वजन येते.

आपल्या गावातल्या एका शाळेला कमला निंबकर यांचे नाव आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंना व्यवसायोपचाराची ओढ लागली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. इथे ते शास्त्र जाणणारे फारसे कोणी नव्हते. चार पुस्तके वाचून त्यांनी पाटी लावली असती तर कोण विचारणार होते? त्या अमेरिकेत गेल्या, पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, रीतसर शिकल्या आणि मग १९५० मध्ये मुंबईत त्या विषयाची शाळा सुरू केली. आधी शिक्षण, मग नाव. हा क्रम त्यांनी पाळला.

आता थोडे वडीलधाऱ्यांसाठी. मुलांना खोटे लिहायला कोण शिकवते? ज्याच्या नावामागे मोठे पद त्याला पुढची खुर्ची, आणि वेल्डर किंवा आया म्हणून राबणाऱ्याला मागची, असे आपल्या समारंभात दिसले की मूल धडा घेते. प्रभू स्वतः सुताराचा मुलगा म्हणून ओळखला गेला. संत पौल तंबू शिवत असे आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

आणि ज्यांनी काही वाढवून लिहिले आहे, त्यांनी निराश होऊ नये. पापनिवेदनात क्षमा नक्की मिळते. पण जक्कयाने केवळ पश्चात्ताप केला नाही, घेतलेले परत केले. म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी, कुटुंबाच्या प्रार्थनेनंतर, आपला बायोडेटा उघडा आणि एकेक ओळ देवासमोर वाचा. जे खरे नाही ते खोडा, जे अपुरे आहे ते 'अपुरे' असेच लिहा. त्या खोट्यावर नोकरी मिळाली असेल आणि कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते काम थांबवा. पुढचा मार्ग धर्मगुरूंशी बोलून ठरवा. खोट्या पदवीबरोबर उघडे पडण्याची भीती रोज कामावर येते. खरे लिहिणाऱ्याला कदाचित उशिरा नोकरी मिळेल, पण त्याला रात्री झोप लागेल.

परमेश्वर आपल्याला खरे बोलण्याचे आणि खरे लिहिण्याचे धैर्य देवो. आमेन.