मुळाला काय मिळालं?

विनिपेगमध्ये अजून अंधार आहे. रात्रभर हीटर चालू, घरातली हवा कोरडी. लोकरीची टोपी काढली की केस भुरभुरतात. मग आपण तेलाची बाटली बदलतो.

पण मुळाला काय मिळालं?

दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत असतं त्वचेखालचं मूळ, आणि ते रक्तावर पोसलं जातं. सकाळी नुसता चहा घेऊन पळालो, तर मुळाला काय मिळालं?

मुळाचं खाणं जवळच आहे: विनिपेगच्या याच मॅनिटोबा प्रांतातल्या शेतांत जवस निळा फुलतो. म्हणजे आजीची जवसाची चटणी इथे परकी नाहीच! भाकरी, मटकीची उसळ, वर चमचाभर चटणी.

माणसांशीही आपण असंच वागतो. मुलाचा फुगलेला चेहरा पाहतो, रागावतो. त्याच्या मुळाला काय मिळालं?

आज डबा भरताना घटकाभर त्याच्याजवळ बसा. आणि चटणी थोडीच कुटा, जवसाची पूड लवकर खवट होते.