सोडियम कमी, पण मीठ कमी आहे का?

मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये सोडियम १२८ दिसलं, की घरचे म्हणतात, 'मीठ कमी पडलंय, जेवणात वाढवा.' काळजीपोटीच म्हणतात. पण तो आकडा आधी नीट वाचायला हवा.

रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावं लागतं. 'लिटरमागे' हे इथे कळीचं. शरीरात एकूण मीठ किती, हे हा आकडा सांगतच नाही. पाण्याच्या मानाने किती, एवढंच सांगतो. आमटीत पाणी वाढलं, की मीठ तेवढंच असूनही ती अळणी लागते.

रक्तात हे पाणी येतं कुठून? इन्सुलिन अपुरं पडलं, की साखर पेशींत न शिरता रक्तात साचते आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढते. त्या पाण्याने सोडियम विरळ होतं.

ते किती उतरतं, याचं गणित १९७३ साली कॅट्झ यांनी मांडलं : साखर १०० मिलिग्रॅमने वाढली, की सोडियम १.६ ने उतरतं. १९९९ साली हिलियर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची साखर वाढवून मोजलं, तेव्हा ही घट सरासरी २.४ भरली. साखर ६०० असेल, तर नेहमीच्या १०० पेक्षा ती ५०० ने जास्त. म्हणून १२८ मध्ये ८ ते १२ मिळवायचे. सोडियम १३६ ते १४० येतं, म्हणजे ठीकच.

आता साखर ६०० आणि सोडियम १४० धरा. रिपोर्टवर आकडा चांगला दिसतो. पण त्याच हिशेबाने तो १४८ ते १५२ होतो. वाढलेली साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते. मीठही जातं, पण त्या मानाने पाणी जास्त. हा माणूस आतून कोरडा पडत चाललेला असतो, आणि चांगला दिसणारा आकडा ते झाकून ठेवतो.

उलट साखर २०० आणि सोडियम १२२ असेल, तर साखरेच्या वाट्याला जेमतेम दोन अंक येतात. मग कारण दुसरीकडे शोधायला हवं : रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, उलट्या-जुलाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार.

म्हणून सोडियम आणि साखर एकाच वेळच्या रक्तातली पाहावी आणि दोन्ही आकडे डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावेत. साखरेमुळे उतरलेलं सोडियम सलाईन आणि इन्सुलिनने साखर खाली येईल तसं वर येतं. वरून खाल्लेल्या मिठाने ते साधत नाही, रक्तदाब मात्र वाढू शकतो. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा त्याला झटके आले, तर घरी कोणताही हिशेब करत बसू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावं.