दोन जागा, एक तिथी

मराठीत 'पानिपत' हे नुसते गावाचे नाव राहिलेले नाही. निवडणुकीत, क्रिकेटच्या सामन्यात, धंद्यात कुणाचेही पानिपत होऊ शकते. 'बदामी' हा शब्द मात्र आपल्याकडे रंगाचा आहे, फार तर सहलीचा. मी या दोन्ही जागा पाहिल्या आहेत आणि या दोन शब्दांच्या नशिबातला फरक मला स्वस्थ बसू देत नाही. प्रश्न इतिहासाचा कमी आणि पाहण्याचा जास्त आहे. एखाद्या जागेपुढे उभे राहिल्यावर आपण तिचे काय लागतो?

पानिपत दिल्लीच्या उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि शहराबाहेर आठेक किलोमीटरवर काला अंब. १४ जानेवारी १७६१ रोजी जिथे मराठे आणि अब्दाली यांची लढाई झाली, ती ही जागा मानतात. जानेवारीत गेलो तर धुके, गव्हाची कोवळी शेते आणि मधूनच मोहरीचा पिवळा पट्टा. जमीन इतकी सपाट की नजरेला टेकायला काही नाही. विटांचा एक स्तंभ, भोवती कठडा, राखलेली बाग. ज्या आंब्यावरून जागेला नाव पडले तो आंबा कधीच वठला. रणात सांडलेल्या रक्ताने त्या झाडाचा रंग काळपट झाला, अशी दंतकथा आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे पाहण्यासारखे काही नाही, आणि तरीही मराठी माणसे लांबून येतात, चपला काढतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात. डोळ्यांना काही मिळत नाही म्हणून आठवण कामाला लागते.

बदामीला सगळे उलटे. उत्तर कर्नाटकात मलप्रभेच्या खोऱ्यातला हा मुलूख. आपल्या ओळखीचा काळा बसाल्ट मागे पडतो आणि ज्वारीच्या शेतांतून एकदम तांबूस वालुकाश्माचे कडे उभे राहतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली थरावर थर बसलेली वाळू आता उभी भिंत झाली आहे. दोन कड्यांच्या मध्ये अगस्त्य तीर्थ नावाचा तलाव. काठावर भूतनाथाची देवळे, वर चालुक्यांच्या लेण्या. त्यांतल्या तिसऱ्या लेणीत सन ५७८चा शिलालेख आहे. सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणे आपटतात आणि तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून पुन्हा येतो. संध्याकाळी उन्हाने दगड पेटल्यासारखा होतो. माणूस गप्प होतो, मग मोबाइल काढतो. मीही काढला.

आता या देखाव्यातली नावे वाचा. तलावाच्या दक्षिणेकडच्या डोंगरावरच्या किल्ल्याचे नाव रणमंडळ, उत्तरेकडचा बावनबंडे. सन ६४२च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने चालुक्यांची ही राजधानी जिंकली आणि आपला लेख इथल्याच खडकावर कोरून ठेवला. आणि मे १७८६मध्ये मराठे आणि निजाम यांच्या एकत्र फौजांनी टिपूच्या ताब्यातल्या या गावाला वेढा घातला, तट चढून गाव घेतले आणि मग किल्ला शरण आला. पुढच्या वर्षी गजेंद्रगडच्या तहाने बदामी मराठ्यांकडे आली.

म्हणजे ज्या कड्यांचा आपण फोटो काढतो तेच लढाईचे कारण होते. उभे कडे आणि त्यांच्या कुशीत बारमाही पाणी, म्हणून इथे राजधानी, म्हणून किल्ले, म्हणून वेढे. पानिपतातही जमीन निर्दोष नव्हती. घोडदळाला मोकळे रान आणि दिल्लीला जाणारी वाट, म्हणून तिथे सैन्ये पुन्हा पुन्हा भिडली. निसर्ग दोन्हीकडे या गोष्टीत सामील आहे. एके ठिकाणी तो सुंदर दिसतो, दुसरीकडे दिसत नाही, एवढेच.

तरीही बदामीच्या कड्याखाली चपला काढणारा मराठी माणूस मला भेटला नाही. लेणी पाहणारे भेटले, दोर लावून खडक चढणारी पोरे भेटली, कुलदेवीला आलेली कुटुंबे भेटली. बदामीपासून जवळच बनशंकरी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. देवळाबाहेर बायका ज्वारीची भाकरी, चटणी आणि मडक्यातले दही विकतात, ते खाऊन मंडळी लेण्यांकडे वळतात. बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. तिचे नवरात्र पौष शुद्ध अष्टमीला बसते. आणि पानिपतची लढाई झाली ती शके १६८२ची पौष शुद्ध अष्टमी. एकाच तिथीला आपली एक वाट शोकाकडे जाते आणि दुसरी कुलदेवीच्या दर्शनाकडे, तिथून सहलीकडे. या दुसऱ्या वाटेवर आपल्याच तलवारींनी पडलेले लोक आहेत, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

इथून मी एका अप्रिय निष्कर्षाला येतो. जिथे आपण हरलो, ती जागा आपल्यासाठी तीर्थ होते. जिथे आपण जिंकलो, ती देखावा होते.

यावर उत्तरे आहेत, आणि ती हलकी नाहीत. पहिले उत्तर असे, की दोन प्रसंगांची तुलनाच होत नाही. पानिपतात एका दिवसात एक पिढी गेली. बदामी ही अनेक वेढ्यांतला एक वेढा. शिवाय त्या मोहिमेला कारण होते. आदल्याच वर्षी टिपूने नरगुंद घेतले होते. हे सगळे खरे आहे. पण कारण असल्याने मेलेला माणूस कमी मरत नाही, आणि आकडा लहान असला म्हणजे ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्यापुरता तो लहान नसतो.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे. शोक पक्षपातीच असतो. आपल्या आईसाठी माणूस जसा रडतो तसा जगातल्या प्रत्येक आईसाठी रडू शकत नाही, आणि रडतो म्हणाला तर तो ढोंगी. मला हे पटते. बदामीत कुणी पानिपताएवढे हळहळावे, असे मी म्हणत नाही. पण शोक वेगळा आणि दखल वेगळी. शोक मनाला येतो, आणला येत नाही. दखल घेणे मात्र आपल्या हातात असते. शेजारच्या घरातले माणूस गेले तर आपल्याला रडू येत नाही, पण त्या दिवशी आपण गाण्याचा आवाज कमी करतो. कुणी सांगावे लागत नाही.

नाना फडणीस या दोन्ही जागांना जोडणारे माणूस आहेत. पानिपतच्या वेळी त्यांना एकोणीस पूर्ण व्हायला महिना होता. सोबत आई आणि पत्नी. त्या धामधुमीत आई गेली, ते स्वतः कसेबसे वाचून परतले. पुढे त्यांनी लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात हा पराभव आहे, आणि त्यानंतर ते लिखाण लवकरच थांबते. पंचवीस वर्षांनी बदामीचा वेढा पडला तेव्हा पुण्याचा कारभार त्यांच्याच हाती होता. पळणाऱ्यांच्या लोंढ्यात आपली माणसे शोधणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरीही एक दुःख भोगले म्हणून दुसऱ्याचे दुःख आपोआप दिसू लागते, असे होत नाही. कारभारी माणसाला तर ते दिसून चालतही नसेल. प्रवाशाला अशी अडचण नसते. त्याच्यावर राज्य चालवायची जबाबदारी नाही, म्हणून न पाहण्याची सबबही नाही.

पानिपतची बातमी पोचवणाऱ्या त्या प्रसिद्ध पत्रात दोन मोत्यांचा आणि सत्तावीस मोहरांचा हिशेब आहे, आणि रुपये-खुर्द्याची मोजदाद नाही. आपण हा सांकेतिक मजकूर गहिवरून सांगतो, पण त्यातला खुर्दा म्हणजे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका, मोतद्दार, हे पटकन विसरतो. आपल्याच पराभवात आपण आपलीच साधी माणसे सुट्या पैशांत धरली. मग बदामीच्या तटावर आणि गावात पडलेले कानडी मुलखातले शिपाई, त्यांच्या मागे राहिलेल्या बायका, कोणत्या नाण्यात धरायच्या?

म्हणून बदामीला जाऊ नये का? जावे, आणि त्या कड्यांनी गप्प व्हावे. सौंदर्याने लाजायचे काही कारण नाही. वाळूचे थर बसत होते तेव्हा पेशवेही नव्हते आणि टिपूही नव्हता. फक्त घरच्या पोराने विचारले, की समोरच्या डोंगराला रणमंडळ का म्हणतात, तर 'जुने नाव आहे' म्हणून पुढे सरकू नये. इथे लढाया झाल्या, एकदा आपणही चढून आलो होतो आणि माणसे मेली, एवढे सांगावे. मग पोराला हवे तेवढे फोटो काढू द्यावेत. काला अंबच्या दंतकथेत झाड काळे पडले ते रक्ताने. कुठल्या बाजूच्या, हे ती सांगत नाही. एवढा निःपक्षपातीपणा एखाद्या वठलेल्या झाडाला जमत असेल, तर तिथली माती कपाळाला लावणाऱ्या माणसाने निदान त्याचा प्रयत्न करायला हवा.