जोड आणि मूळ वस्तू

एखाद्या वस्तूला बाहेरून काही जोडले, तर ती तीच राहते की नवी होते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. वैशेषिकांच्या मते कापडात धागा वाढला की जुने कापड नाहीसे होऊन नवे उत्पन्न होते. असा संयोग ‘आरंभक’. उलट माणसाने हातात काठी (दंड) घेतली, तर तो ‘दंडी’ झाला तरी माणूस तोच. बौद्धांच्या लेखी अवयवांपलीकडे वस्तूच नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला ‘रथ’ हे सुट्या भागांना व्यवहारापुरते दिलेले नाव.

1980 च्या दशकातील घरगुती संगणक या वादाची चांगली कसोटी घेतात. किंमत कमी राहावी म्हणून यंत्रात मोजकेच भाग असत आणि पुढच्या वाढीसाठी एक्स्पान्शन पोर्ट ठेवलेला असे. भारतात 1986 पासून डेसिबेल्स कंपनी परवान्याने विकत असलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाच्या पोर्टवर प्रोसेसरच्या अ‍ॅड्रेस, डेटा आणि कंट्रोल लाइन थेट बाहेर आणलेल्या होत्या. त्यावर प्रिंटर, जॉयस्टिक, मायक्रोड्राइव्ह चालत. ते काढले की यंत्र पूर्वीसारखे. हा दंडीचा प्रकार झाला.

त्याआधीच्या झेडएक्स 81 (1981) या संगणकात मेमरी अवघी 1 केबी होती. 16 केबीचा रॅम पॅक मागे खोचावा लागे. टाइप करताना तो जरासा हलला तरी संगणक अडकून बसे आणि लिहिलेला सगळा प्रोग्रॅम जाई. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करता येई, प्रोग्रॅम मात्र परत येत नसे. म्हणजे एकच संयोग यंत्रापुरता काठीसारखा, तर चालू प्रोग्रॅमपुरता धाग्यासारखा होता.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिरात हाच भेद विटांत दिसतो. मागचा अर्धगोल, कमानदार छताचा भाग चैत्यगृहाच्या घडणीचा आहे; तो मुळात बौद्ध असावा, असे एक मत आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला. मंडप वगळला तरी जुनी वास्तू उभी राहते. पण आज भाविक ज्याला मंदिर म्हणतात, ते गाभारा, मूर्ती आणि मंडप मिळून झालेले आहे.

त्यामुळे ‘वस्तू तीच का?’ हा प्रश्न अर्धवट ठरतो. यंत्र की प्रोग्रॅम, वास्तू की मंदिर, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की वैशेषिकांचा भेद नेमका लागू पडतो. न ठरवता वाद घातला, तर बौद्धांचा आक्षेपच खरा ठरतो.